येशिमेबेतची चोवीस तारीख

केबेनाच्या चढावरच्या गल्ल्यांत येशिमेबेतला नावानं हाक मारणारी माणसं चार-पाचच. बाकी सगळ्यांची ती मीटरवाली. निळा डगला, काखेत वही, पायात रबरी बूट, आणि फाटक ठोठावायची तिची एक ठरलेली रीत. तीन ठोके, जरा थांबायचं, मग तळहाताची एक सणसणीत थाप. पाण्याचं मीटर लोक कुठंकुठं दडवतात ते तिला विचारावं. कुणाच्या खुराड्यामागं, कुणाच्या धुण्याच्या दगडाखाली. एका पेन्शनर कर्नलनं तर मीटरवर चक्क खाट टाकली होती. येशिमेबेत खाटेखाली पालथी पडून आकडा वाचून आली, आणि जाताना कर्नलला वडीलधाऱ्याचा मान देत म्हणाली, "गाशे, खाटेखाली झाडत जा अधूनमधून."

अकरा वर्षांत तिच्या वहीतला एक आकडा चुकला नव्हता. एकदा एका बंगलेवाल्यानं तक्रार केली की बाईनं मनानं आकडे लिहिले. ऑफिसातला साहेब जातीनं आला, चष्मा पुसपुसून मीटर वाचलं, तर येशिमेबेतचंच खरं. साहेब हसून निघायला लागला. ही फाटकात उभी राहिली. "माफी कोण मागणार, तुम्ही की हे?" शेवटी बंगलेवाल्यानं मागितली, ओठातल्या ओठात का होईना. मग कुठं ती बाजूला झाली. असला ताठा असलेली बाई.

अशा बाईच्या हातात दवाखान्यानं चावी दिली.

चावी म्हणजे टाचणीएवढी वाकडी तार, धरायला निळी मूठ. तिची मुलगी नार्दोस, वय अकरा. वरचा जबडा अरुंद, दात एकमेकांच्या खांद्यावर चढलेले, तोंड मिटलं की खालचा जबडा डावीकडं सरके. शाळेत पोरं तिला 'वाकडं कुलूप' म्हणत. नार्दोस हसताना तोंडावर हात ठेवायला शिकली, पुढं पुढं हसायचंच टाळायला लागली. दोन वर्षं यादीत नाव लावून ठेवल्यावर फुकट उपचाराच्या योजनेत तिचा नंबर लागला. डॉक्टर सुराफेल यांनी तिच्या टाळूला स्क्रू बसवला. त्या स्क्रूला बारीक भोक. भोकात चावी घालायची, पुढून मागं ढकलायची, की पाव मिलिमीटर जबडा रुंद होतो. हे काम घरी आईनं करायचं, रोज एकदा.

त्या दिवशी सिस्टर अयनालेमनं सगळं पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. तिच्यासमोर बाकावर अजून बारा जणी ताटकळत होत्या. "रोज एकच फेरा, पुढच्या महिन्याच्या चोवीस तारखेपर्यंत. मग बंद. कडक खायचं नाही, कोलोचे भाजके दाणे तर बिलकुल नाही. मोबाइल द्या इकडं." तिनं येशिमेबेतच्या मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकून दिलं. पडद्यावर दातांना तार लावलेला एक पाणघोडा आला आणि कंबर हलवायला लागला. नार्दोस पहिल्यांदा दात दाखवून हसली.

"हा रोज घंटा वाजवेल," सिस्टर म्हणाली. "फेरा झाला की इथं बोट लावायचं. मुलीनं तोंडाचा फोटो काढून पाठवायचा. आणि नीट ऐका, अ‍ॅप जे नीट पाळत नाहीत त्यांची जागा आम्ही पुढच्या मुलाला देतो. यादीत एकशे चाळीस नावं आहेत."

"माझ्या हातून चुकत नाही," येशिमेबेत म्हणाली.

"सगळ्या असंच म्हणतात, एतिये."

एतिये म्हणजे ताई, तो मान ठीक, पण 'सगळ्या' हे तिला लागलं. सगळ्या म्हणजे कोण? पण मुलीचं काम होतं, तिनं मोबाइल परत घेतला.

तेव्हापासून शाळेआधीचा एक कार्यक्रमच ठरून गेला. पाणघोड्याची घंटा वाजली की नार्दोस खाटेवर आडवी होई, डोकं आईच्या मांडीवर. येशिमेबेत दातांत टॉर्च धरी, चावी भोकात घाली आणि श्वास रोखून मागं ढकली. पुढचं भोक दिसलं की संपलं. नार्दोसच्या डोळ्यांत पाणी येई, नाकाच्या मुळाशी कुणी अंगठा दाबतंय असं वाटे. मग ती चमच्यानं गाल ओढून फोटो काढी, पाणघोडा एक तारा देई, आणि ती त्या ताऱ्याकडं बघत भिजवलेली इंजेराची भाकरी चघळी. येशिमेबेत अ‍ॅपवर बोट लावीच, शिवाय आपल्या मीटरच्या वहीच्या मागच्या पानावर एक रेघ ओढी. यंत्रावर तिचा विश्वास नव्हता. यंत्रं कशी अडकतात, उलटी फिरतात, फुगतात, हे तिच्याइतकं कुणी पाहिलं होतं?

नाताळापूर्वीचा उपास सुरू झाला, हिदार महिन्याची पंधरा तारीख. त्या सकाळी फेरा झाल्यावर मोबाइलवर फुगे उडाले. पाणघोड्यानं टोपी फेकली.

"एमा, बघ! शाब्बास म्हणतोय!" नार्दोस आईला म्हणाली.

"मग शाब्बास आहेच. पुढं काय लिहिलंय?"

नार्दोसनं इंग्रजी अक्षरं लावून पाहिली. "काहीतरी पूर्ण झालं म्हणतो. चोवीस म्हणतो."

"चोवीसला पूर्ण होईल म्हणत असेल. आज पंधरा आहे. चल, शाळा."

दुसऱ्या दिवशी घंटा वाजलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. येशिमेबेतला वाटलं, इंटरनेटचं पॅकेज संपलं असेल, नाहीतर ते खेळणं बिघडलं. एक प्रकारे तिला बरंच वाटलं. घंटा नसली म्हणून तिचा हात थांबणार होता की काय? ती ठरल्या वेळी चावी फिरवत राहिली आणि वहीत रेघा ओढत राहिली. सोळा, सतरा, अठरा. चोवीस म्हणजे चोवीस.

आणि नार्दोसच्या पुढच्या दोन दातांत फट पडायला लागली.

सुरुवातीला केसाएवढी. मग त्यात नख बसेल इतकी. मग दुरून दिसेल अशी. केबेनात असल्या फटीवर बायका जीव टाकतात. दोन दातांत फट असलेली मुलगी म्हणजे सुंदर, तिच्या लग्नाला उशीर नाही. ज्या गल्लीनं दोन वर्षं नार्दोसच्या तोंडाकडं बघून चुकचुकाट केला, तीच गल्ली आता तिची हनुवटी धरून तोंड उघडायला लावायची.

"हस ग जरा! अगं बाई, काय फट दिलीय डॉक्टरनं! माझ्या पोरीलाही घाल म्हणावं तो स्क्रू."

नार्दोस आता हातानं तोंड झाकेना. ती कारण नसताना हसायला लागली. आणि येशिमेबेत मात्र रोज टॉर्च धरून ती फट निरखायला लागली. जुन्या भाड्याच्या घराची भिंत तडकते तेव्हा आधी केसाएवढीच चीर पडते, हे तिनं घरोघरी पाहिलं होतं. फट पडेल असं सिस्टरनं सांगितलं होतं का? आठवेना. एवढी पडेल असं सांगितलं होतं का?

एकवीस तारखेला रविवार आला, मरियमचा सण. चर्चहून परत येताना शेजारच्या एतिये मुलुवेर्कनी सगळ्यांना कॉफीला बोलावलं. उपासाचे दिवस, म्हणून दूध-लोणी नाही. गरम नुफ्रो म्हणजे उकडलेले दाणे, कोलो आणि धुरकट कॉफी. मुलुवेर्कची मुलगी हिलिना सुट्टीवर घरी होती. ती बोले नावाच्या रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलात काउंटरवर बसते, दिवसभर फिरंग्यांशी बोलते. बायका नार्दोसच्या फटीची तारीफ करत होत्या, तेवढ्यात हिलिना म्हणाली, "अजून चालूच आहे का तुझं? बघू दे तो पाणघोडा."

नार्दोसनं मोबाइल दिला. हिलिनानं बोटानं दोनदा पडदा सरकवला आणि तिचा चेहरा पडला.

"एतिये येशी, हे तर संपलंय."

"काय संपलंय?"

"इथं लिहिलंय, फेरे पूर्ण झाले, आता चावी फिरवू नका. चोवीस नोव्हेंबर."

"चोवीसला अजून तीन दिवस आहेत."

"आज तीस आहे, एतिये."

"आज एकवीस आहे," येशिमेबेत म्हणाली. तिचा आवाज चढला. "सकाळी चर्चमध्ये काय झोपली होतीस? मरियमचा सण एकवीसला नाही तर कधी असतो?"

"आपली एकवीस. मोबाइलची तीस." हिलिना हळूच म्हणाली. "मोबाइलला आपला हिदार कुठं कळतो? तो फिरंग्यांचा महिना धरून चालतो. त्याची चोवीस आपल्या पंधराला झाली. उपास सुरू झाला ना, त्याच दिवशी."

येशिमेबेतनं घरी जाऊन वही आणली, मागचं पान उघडलं. रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या. तेहतीस. त्यातल्या सहा पंधरा तारखेनंतरच्या. सहावी आज सकाळची.

"सहा फेरे जास्त," ती म्हणाली.

"देवाची करणी," मुलुवेर्क म्हणाल्या. "पण फट किती छान पडलीय बघ की!"

"फट!" येशिमेबेत उठली. "एतिये, तिच्या तोंडातलं हाड आहे ते. मी तिचं हाड फाडत होते आणि तुम्ही सगळ्या फट छान म्हणून टाळ्या पिटत होता!" आणि हे बोलून झाल्यावर तिलाच कळलं की ज्याच्यावर ओरडावं असं इथं तिच्याशिवाय दुसरं कुणीच नाही.

त्या दिवसापासून तिला ती फट दिसायची थांबेना. नार्दोस जेवताना दिसे, अभ्यास करताना दिसे, पाठमोरी असली तरी दिसे. "दुखतंय का?" "नाही." "नाकाशी?" "नाही एमा." "खोटं बोलतेस." "आधी दुखत होतं तेव्हा तू म्हणायचीस, दुखायचंच असतं. आता दुखत नाही तर म्हणतेस, खोटं बोलते." पोरगी रडकुंडीला आली. येशिमेबेतनं अ‍ॅपमध्ये निरोप लिहायची जागा होती तिथं तीनदा लिहिलं. प्रत्येक वेळी पाणघोड्यानं डोळा मारला आणि 'निरोप पोचला' म्हणून सांगितलं. उत्तर नाही. दवाखान्याचा फोन वाजून वाजून बंद झाला.

सोमवारी कामाला दांडी मारून ती नार्दोसला घेऊन दवाखान्यात गेली. फाटकावरच्या रखवालदारानं आडवा हात केला.

"मुलांचे दात बुधवारी."

"माझ्या मुलीचं हाड सोमवारी फाटतंय."

"रक्त येतंय?"

"नाही."

"सूज आहे?"

"नाही."

"मग बुधवारी या. मला काय, मी दार उघडतो, पण आत डॉक्टर असला पाहिजे ना?"

खरं सांगायचं तर रखवालदाराचं चुकत नव्हतं. आत डॉक्टर नव्हता. मुलांच्या दातांना आठवड्यातला एकच दिवस काढून दिलाय, आणि ज्यांनी काढून दिलाय त्यांची मुलं कुठल्या दिवशी कुठल्या दवाखान्यात जातात हे सगळ्या शहराला माहीत आहे. येशिमेबेत रखवालदाराशी भांडली नाही, याचंच रखवालदाराला नवल वाटलं असेल.

मंगळवारी कामावर ती एका घरासमोर उभी राहून मीटर बघत राहिली, आकडा वाचता येईना. सोबतचा तादेले हा जुना मीटरवाला, सगळ्या भानगडींतून वाट काढणारा. त्यानं तिला कोपऱ्यातल्या पायरीवर बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"यात रडण्यासारखं काय आहे, येशी? सांगायचं, पोरीनं खेळता खेळता स्वतःच फिरवली. पोरं काय, काहीही करतात. डॉक्टर तिला दोन शब्द बोलेल, संपलं."

"आणि मी खरं सांगितलं तर?"

"तर सिस्टर लिहिणार, आईनं पाळलं नाही. आणि पुढचं नाव पुकारणार. एकशे चाळीस नावं आहेत म्हणालीस ना? मग? तोंडात अर्धवट उघडलेला जबडा घेऊन पोरगी कुठं जाईल? बाहेर करून घ्यायची तुझी ऐपत आहे?"

तिनं वही काखेत मारली आणि पुढचं फाटक ठोठावलं. पण घरी जाईपर्यंत तिनं मनातल्या मनात ते वाक्य घोळवून घोळवून गुळगुळीत केलं होतं. पोरीनं स्वतःच फिरवली. खेळता खेळता.

बुधवार उजाडला, हिदारची चोवीस. दवाखान्याच्या बाकावर पंचवीसेक बायका-मुलं होती. डॉक्टर सुराफेल आत, दार अर्धं उघडं, यंत्राची सुं-सुं ऐकू येत होती. नार्दोस आईला चिकटून बसली होती. मग म्हणाली, "एमा, मी सांगते."

"काय सांगतेस?"

"मीच फिरवली म्हणून. गाशे तादेलेंनी तुला सांगितलं ना? काल रात्री त्यांच्याशी फोनवर परत बोलत होतीस, ऐकलं मी. मी सांगते. मला काही नाही करणार ते. मी लहान आहे."

येशिमेबेतनं तिच्याकडं बघितलं. पोरीचा चेहरा शांत होता. म्हणजे रात्रभर हिनं हे ठरवलं होतं. आईनं स्वतःशी घोळवलेलं वाक्य पोरीनं आधीच उचलून आपल्या तोंडात घेतलं होतं, आणि त्या तोंडात तिच्यामुळंच एवढी मोठी भेग होती. येशिमेबेतला सणकून राग आला. तादेलेवर, सिस्टरवर, त्या नाचऱ्या पाणघोड्यावर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर.

"तोंड मिटून बस," ती म्हणाली. "तुझ्या तोंडाचं मी बघते."

नाव पुकारल्यावर ती आत गेली ती बोलतच. "डॉक्टर, सहा फेरे जास्त झालेत. मी फिरवले. मुलीनं नाही, मी. तपासा, आणि जे काय असेल ते मला खरं सांगा."

सिस्टर अयनालेमनं मान वर केली. डॉक्टरनं नार्दोसला खुर्चीत आडवं केलं, दिवा ओढला, आरशानं आत पाहिलं. मग एक्स-रेचा फोटो काढायला पाठवलं. तो येईपर्यंत अर्धा तास गेला. एवढ्या वेळात येशिमेबेतनं भिंतीवरच्या दातांच्या चित्रातले दात तीनदा मोजले, तिन्ही वेळा वेगळे आले.

डॉक्टर काचेसमोर फोटो धरून उभा राहिला. "टाळूच्या हाडाची मधली शिवण सरळ उघडलीय. ते बरं झालं. पण डाव्या बाजूची दाढ बाहेर कललीय. स्क्रू मी आत्ताच बंद करतो. तीन महिने कुणी हात लावायचा नाही. आत हाड भरेल."

"आणि दाढ?"

"बहुतेक येईल जागेवर."

"बहुतेक?"

"बहुतेक," डॉक्टर म्हणाला. खोटा धीर देणारा माणूस नव्हता तो. "सहाऐवजी दहा-बारा झाले असते तर मी हे म्हणू शकलो नसतो. दर आठवड्याला आणा."

नार्दोसनं विचारलं, "आणि फट?"

"ती मिटेल. आपोआप."

नार्दोसचं तोंड एवढंसं झालं. गल्लीनं दिलेली नवी इज्जत तीन महिन्यांत परत जाणार म्हणून ती मुसमुसायला लागली. येशिमेबेतला हसू आलं, ती बाजूच्या स्टुलावर बसली.

"पण एतिये," सिस्टर म्हणाली, "मी तर चोवीस सांगितलं होतं."

आता मात्र येशिमेबेत उठली.

"कुठली चोवीस? आज हिदारची चोवीस आहे, सिस्टर! तुमच्या आईला कुणी चोवीस तारीख म्हटलं तर ती कुठली धरेल? माझ्या पगाराची तारीख, पोरीच्या शाळेची, चर्चची, मयताची, सगळ्या तारखा एकाच पंचांगातल्या. आणि माझ्या मुलीच्या हाडाची तेवढी फिरंग्यांच्या पंचांगातली? सत्तावीस वेळा फिरवा म्हणाला असतात तर? सत्तावीस! दोन्हीकडं सत्तावीसच असतात ना! वाणी मसाला तोलताना तरी विचारतो, कुठल्या मापानं देऊ. तुम्हाला एकदा तोंड उघडून विचारता आलं नाही?"

सिस्टरचे कान तांबडे झाले. "मी पडद्यावरचं वाचून सांगितलं. डोक्यात आलंच नाही माझ्या. दिवसाला तीस जणी असतात..."

"आणि त्या तिसांपैकी किती जणी अजून फिरवतायत?"

डॉक्टरनं हातमोजे काढले. "सिस्टर, सध्या टाळूचे स्क्रू किती?"

"अकरा."

"काढा यादी."

त्या दिवशी डॉक्टरनं बाहेर जाऊन बाकावरच्या बायकांना स्वतः विचारलं. अजून फिरवणाऱ्या दोघी निघाल्या. एकीनं रेघा ओढलेली कागदाची पट्टी दाखवली, तिच्यावर आठ रेघा जास्त, दुसरी तर विचारता विचारताच रडायला लागली. बाकीच्यांना सिस्टरनं फोन लावले. पाच जणांनी वेळेवर थांबवलं होतं. दोघींनी फोनवरच 'अगंबाई' म्हणून फोन टाकला आणि दवाखान्याकडं निघाल्या. एकीचा फोन मात्र लागेना.

"वोर्कनेश," सिस्टर म्हणाली. "मुलगी हेवान, नऊ वर्षांची. हिला मी तीस सांगितलं होतं." तिनं बोटं मोजली. "म्हणजे हिदारच्या तीसपर्यंत ही अजून सहा दिवस..."

"पत्ता?"

"नुसतं फेरेन्साय लिहिलंय. पिठाच्या गिरणीमागं."

"गिरणीमागं तीन फाटकं आहेत," येशिमेबेत म्हणाली. "दोन घरांत मूलबाळ नाही. निळ्या पत्र्याचं फाटक. मीटर आत, उजव्या हाताला, खालच्या अंगाला." तिनं नार्दोसचा हात धरला. "आम्ही जातो."

"परवानगी..." सिस्टरनं डॉक्टरकडं पाहिलं. डॉक्टर म्हणाला, "जाऊ द्या."

फेरेन्सायचा चढ ती रोज चढते, पण त्या दिवशी तिचा श्वास पुरेना. मिनिबस अर्ध्यावर सोडून दोघी चालत निघाल्या. नार्दोस विचारत होती, ती मुलगी कशी असेल, तिलाही फट पडली असेल का, तिला आधीच सगळं दुखत असेल का. येशिमेबेत नुसती हं-हं करत होती. निळ्या पत्र्याच्या फाटकाशी पोचल्यावर तिनं तीन ठोके दिले.

दार उघडलं ते तिशीतल्या बाईनं. हात कोपरापर्यंत इंजेराच्या पिठानं माखलेले, मागं चुलीवर तवा तापलेला. "मीटर तर गेल्या आठवड्यात वाचून गेलात."

"मीटरचं काही नाही. हेवानची आई तुम्हीच ना? चावी फिरवली का आज?"

बाई मागं सरकली. "तुम्हाला कुणी सांगितलं चावीचं?"

"दवाखान्यातून आलेय. फिरवली का?"

"शाळेतून आली की फिरवते. का? माझं काही चुकलेलं नाही. तीसपर्यंत सांगितलंय, तीसपर्यंत करणार. एक दिवस चुकलेला नाही माझा. बघायचंय? मोबाइल पाण्यात पडून बंद झालाय म्हणून मी कोळशानं भिंतीवर खुणा करते." तिनं ओल्या हातानं दारामागची भिंत दाखवली. रेघा एकसारख्या, पाच-पाचच्या गठ्ठ्यांत, एकही वाकडी नाही. "सिस्टरला सांगा, माझ्या हातून चुकत नाही."

येशिमेबेतच्या जिभेवर दहा उत्तरं आली. तिची नेहमीचीच, तिखट. ती त्या भिंतीकडं बघत राहिली.

"माझ्याही हातून चुकत नव्हतं," ती म्हणाली. "ही माझी मुलगी. हिचे सहा फेरे जास्त झाले. माझ्याच हातानं केले. तुमची तीस रविवारीच होऊन गेली, बाई. ती तीस फिरंग्यांची होती. आपल्याला कुणी सांगितलंच नाही."

वोर्कनेशनं भिंतीकडं पाहिलं, मग येशिमेबेतकडं, मग नार्दोसच्या तोंडाकडं. नार्दोसनं नकळत ओठ मिटले.

"दोन... दोन जास्त?" बाई पुटपुटली. "मग आता काय होईल माझ्या हेवानला?"

"तपासल्याशिवाय कळणार नाही. माझ्या मुलीचं डॉक्टर म्हणाला, बहुतेक बरं होईल. तीन महिने लागतील. मलाही एवढंच माहीत आहे."

"बहुतेक?"

"हो. बहुतेक." येशिमेबेतनं पुढं होऊन चुलीवरचा तवा उतरवला, तो आता धुरायला लागला होता. "हात धुवा. शाळा कुठली सांगा, वाटेत तिला घेऊ. डॉक्टर दुपारपर्यंतच थांबतो."